बिग बँडमधला सॅक्सोफोन सेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका हौशी बिग बँडमध्ये, म्हणजे जॅझ वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदात, दुसरा टेनर सॅक्सोफोन वाजवतो. कार्यक्रम संपल्यावर लोक भेटायला येतात आणि बहुतेक वेळा तेच ते प्रश्न विचारतात. उभ्या उभ्या दिलेली उत्तरं अपुरी राहतात. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितो आहे.

सॅक्सोफोन तर हिंदी गाण्यांत कितीदा ऐकलाय. सेक्शनमध्ये वेगळं काय असतं?

हिंदी गाण्यांत आपण ऐकतो तो एकटा सॅक्सोफोन. राहुलदेव बर्मन यांच्याकडे मनोहारी सिंग वाजवायचे, तो आवाज आपल्या कानांत इतका मुरलाय की सॅक्सोफोन म्हणजे रात्र, पाऊस आणि विरह असं समीकरणच होऊन बसलं. ते सूर मलाही प्रिय आहेत. पण बिग बँडमध्ये पाच सॅक्सोफोन पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसतात, हा गट म्हणजे त्यांचा सेक्शन: दोन अल्टो, त्यांहून खालच्या आवाजाचे दोन टेनर आणि सगळ्यात खालचा एक बॅरिटोन. मागे चार ट्रॉम्बोन, त्यांच्यामागे चार ट्रम्पेट आणि बाजूला पियानो, गिटार, बास व ड्रम्स. ही झाली साधारण मांडणी, बँडगणिक एखाददुसरं वाद्य कमीजास्त होतं.

पाच जण एकाच क्षणी श्वास घेतात, एकच ओळ पाच वेगवेगळ्या सुरांवर वाजवतात आणि एकाच क्षणी ती सोडतात. कानाला पाच वाद्यं ऐकू येत नाहीत. रुंद छातीचा एकच माणूस गातोय असं वाटतं. त्या आवाजाने एकदा धरलं की सोडत नाही, माझं तेच झालं.

सॅक्सोफोन पितळेचा असतो, मग ट्रम्पेटबरोबर ब्रासमध्ये का बसत नाही?

कारण आवाज पितळेतून जन्मत नाही. माउथपीसवर बोरूच्या जातीच्या वनस्पतीची पातळ पट्टी बांधलेली असते, तिला रीड म्हणतात. ती थरथरते आणि सूर उमटतो. ट्रम्पेटमध्ये वाजवणाऱ्याचे ओठच थरथरतात. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने हे वाद्य घडवलं आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. नळी सनईसारखी निमुळती, रीड क्लॅरिनेटसारखी आणि अंग पितळेचं. म्हणून ते क्लॅरिनेटइतकं मऊ बोलतं आणि वेळ आली की ब्राससमोर छाती काढून उभंही राहतं. सेक्शनसाठी आणखी एक सोय आहे: लहानमोठ्या सगळ्या सॅक्सोफोनांवर बोटं जवळजवळ सारखीच पडतात.

पाच जण वेगवेगळे सूर वाजवतात, तरी गोंधळ कसा होत नाही?

घरात पेटी असेल तर करूनच बघा, भाता मात्र दुसऱ्या कुणाला तरी मारू द्या. डाव्या हाताने मध्य सप्तकातला सा दाबा. उजव्या हाताने त्याच सप्तकातले ग, प, ध आणि वरचा तार सा एकत्र दाबा. सगळ्यात वरचा सूर पहिला अल्टो वाजवतो. खालचा सा बॅरिटोनचा, म्हणजे पहिल्या अल्टोचाच सूर एक सप्तक खाली. मधले तीन सूर उरलेल्या तिघांचे.

आता गाणं एक पायरी वर जातंय. वरचा सूर तार रे झाला. त्याच्याखाली नी, कोमल ध आणि शुद्ध म दाबा, डाव्या हाताला मध्य रे. हा सूरसमूह जरा अस्वस्थ वाटेल, तसाच तो वाटायला हवा. लगेच पुढे तार ग घ्या आणि त्याच्याखाली तार सा, ध, प, डाव्या हाताला मध्य ग. कान पुन्हा घरी आला.

सा, रे, ग या तीन पावलांत पाचही आवाज एकत्र हलले. प्रत्येक सुराला स्वतःची सावली मिळाली, कुठे उजळ, कुठे जराशी काळोखी. आपल्या संगीतात षड्ज जागच्या जागी राहतो आणि सूर त्याच्याभोवती फिरतो. इथे सुराखालची जमीनही त्याच्याबरोबर चालते. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला पहिल्यांदा हे चुकल्यासारखं वाटू शकतं. माझ्या आईला वाटलं होतं. तिच्यासमोर पेटीवर हेच तीन सूर सावकाश वाजवले, तेव्हा ती म्हणाली, “मधला एक सूर पुढच्याला बोलावतोय.” याहून नेमकं मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

गोंधळ होत नाही कारण सगळ्यांची लय, सगळ्यांचा आघात आणि सगळ्यांचा श्वास एक असतो. वेगळे असतात ते फक्त सूर.

सोली म्हणजे काय? सोलोचं अनेकवचन का?

शब्द इटालियन आहे आणि हो, अनेकवचनच. बिग बँडमध्ये एखाद्या सेक्शनने मिळून वाजवलेला एकल तुकडा म्हणजे सोली. ब्रास गप्प, तालवाद्यं खाली चालू आणि पाच सॅक्सोफोन एक अख्खा कोरस, म्हणजे गाण्याचं एक पूर्ण आवर्तन, घेऊन निघतात. चांगली सोली ऐकताना वाटतं की एखाद्या कसलेल्या वादकाला आत्ता या क्षणी सुचलेली तान आहे. पण ती पाच जणांना एकदम सुचली कशी? ती लिहिलेली असते. उत्स्फूर्त तानेची वळणं, अडखळणं, मध्येच दम घेणं, हे सगळं कागदावर उतरवून पाच तोंडी दिलेलं असतं.

या कलेत मी बेनी कार्टरला सगळ्यात वर ठेवतो. तो स्वतः अल्टोचा मोठा वादक होता आणि त्याच्या सोली वाजवताना बोटांना समजतं की लिहिणाऱ्याने आधी स्वतः फुंकून पाहिलंय. ओळ कितीही अवघड असो, श्वास जिथे लागतो तिथेच जागा असते. १९३७ साली पॅरिसमध्ये त्याने आणि टेनरवाल्या कोलमन हॉकिन्सने चार सॅक्सोफोन घेऊन रेकॉर्डिंग केलं, गिटारवर जँगो राइनहार्ट होता. चोवीस वर्षांनी, १९६१ मध्ये, कार्टर आणि हॉकिन्स ‘फर्दर डेफिनिशन्स’ या तबकडीसाठी पुन्हा चार सॅक्सोफोन घेऊन बसले, यावेळी सोबत फिल वुड्स आणि चार्ली राऊज. तीच कल्पना, पण आवाजात वय आलेलं. दोन्ही लागोपाठ ऐका.

दुसरं उदाहरण पियानोवादक आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या ‘कॉटन टेल’चं, मे १९४० चं रेकॉर्डिंग. आधी बेन वेब्स्टरचा टेनर सोलो येतो आणि लोक त्याच्यासाठीच ते लावतात. पण उत्तरार्धात पाचही सॅक्सोफोन उठतात आणि पूर्ण कोरसभर धावतात. ती ओळ वेब्स्टरनेच रचली असं मानलं जातं. ऐकताना ते पटतं, कारण एका टेनरवाल्याची चाल पाच जणांच्या अंगात आल्यासारखी वाटते.

म्हणजे सगळ्यांचा आवाज एकसारखा असायला हवा का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. माझं उत्तर: नाही.

एकसारखेपणा शिकवता येतो. एकाच कंपनीचे माउथपीस, एकाच जाडीच्या रीड, मोजून दिलेली आंदोलनं. असे सेक्शन स्वच्छ वाजतात, स्पर्धाही जिंकतात. पण एलिंग्टनचा सेक्शन ऐका. त्याच्याकडे १९२८ पासून जॉनी हॉजेस होता, अल्टोवर अशी मींड घ्यायचा की सूर मधासारखा एका जागेवरून दुसऱ्या जागी ओघळायचा. बार्नी बिगार्ड न्यू ऑर्लिन्सचा, त्याच्या क्लॅरिनेटला लाकडाचा वास होता. बेन वेब्स्टरच्या टेनरमधून सुराआधी आणि सुरानंतर हवेची फुंकर ऐकू यायची. आणि टोकाला हॅरी कार्नी.

कार्नी १९२७ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, एलिंग्टनकडे आला आणि १९७४ मध्ये एलिंग्टन गेला तोवर त्याच खुर्चीवर बसला. सत्तेचाळीस वर्षं. दौऱ्यांवर एलिंग्टन त्याच्याच गाडीतून फिरायचा, कार्नी चालवायचा. एलिंग्टननंतर तोही साडेचार महिन्यांत गेला. त्याचा बॅरिटोन इतका भरदार होता की मागे ट्रम्पेट पेटलेले असतानाही खालचा सूर वेगळा हाताला लागावा तसा कानाला लागतो. पेटीवरच्या खेळात बॅरिटोनला मी मुख्य सुराचाच खालचा सा दिला, पाठ्यपुस्तकी मांडणी तीच. एलिंग्टन मात्र कार्नीला अनेकदा भलत्याच सुरावर बसवायचा, जिथे दुसऱ्या कुणाला धाडस झालं नसतं. कारण तो ‘बॅरिटोन’साठी लिहितच नव्हता, कार्नीसाठी लिहीत होता. त्याच्या कागदांवर वाद्याऐवजी माणसांची नावं असत.

म्हणून त्याच सुरावटी दुसऱ्या बँडने तंतोतंत वाजवल्या तरी तो रंग येत नाही. त्या सेक्शनमधल्या माणसांचं एकमत श्वासावर होतं. आवाज ज्याचा त्याचा होता. मिसळण मोजकीच, पण चव लाजवाब.

मधे बसलेला पहिला अल्टो नेमकं काय करतो?

त्याला लीड अल्टो म्हणतात. तो मधोमध बसतो, त्याच्या बरोबर मागे लीड ट्रॉम्बोन आणि त्यामागे लीड ट्रम्पेट, म्हणजे तिघांना एकमेकांचं ऐकू जातं. सूर किती लांब, कुठे सोडायचा, कुठला सूर गिळायचा, आंदोलन कधी सुरू करायचं, हे तो ठरवतो. तोंडाने फार सांगत नाही, वाजवून सांगतो. काऊंट बेसीच्या बँडमध्ये १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षं मार्शल रॉयल या खुर्चीवर होता. त्या काळातले बेसीचे सॅक्सोफोन इस्त्री केल्यासारखे का वाटतात, याचं बरंचसं श्रेय त्याचं. त्याआधी जिमी लन्सफर्डच्या बँडमध्ये विली स्मिथ होता, तेज आणि टोकदार, त्याचा सेक्शन ऐकताना पाठीचा कणा ताठ होतो.

आमच्या तालमीतली एक संध्याकाळ सांगतो. एक लांब सूर होता, चार मात्रांचा. पाचही जण बरोबर वाजवत होतो, तरी काहीतरी डगमगत होतं. दोन तंबोरे जेमतेम जुळलेले नसताना आवाजात जी लाट येते, अगदी तशी. आमच्या लीड अल्टोने बाकी सगळ्यांना थांबवलं आणि मला एकट्याला त्याच्याबरोबर तो सूर धरायला लावला. खोलीत एसी होता, माझं वाद्य गार पडलं होतं आणि गार वाद्य खाली उतरतं. त्याने काही न बोलता माझ्या माउथपीसकडे बोट दाखवलं. मी तो बुचावर केसभर आत ढकलला. लाट मंदावली. आणखी केसभर. थांबली. मग त्याने मान हलवली आणि बाकीचे तिघे एकेक करून आत आले. पाचवा सूर लागला तेव्हा छातीत खालून काहीतरी घुमलं. कुणीच वाजवत नव्हतं असा एक खालचा सूर खोलीत उभा होता. सूर खरे जुळले की असा सूर कानात आपोआप तयार होतो. त्यानंतर आम्ही चौथ्या मात्रेवर तो सोडायचा सराव केला, कितीदा ते मोजलं नाही. सूर सुरू करणं सोपं असतं, एकत्र थांबणं अवघड.

हे सगळं कागदावर लिहिलेलंच असतं का?

दोन्ही परंपरा आहेत. न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडसाठी १९२० च्या दशकात डॉन रेडमन लिहीत असे. ब्रास एका बाजूला, रीडवाली वाद्यं दुसऱ्या बाजूला आणि दोघांत सवालजवाब, ही मांडणी रुजली त्यात त्याचा मोठा वाटा. तेव्हा सॅक्सोफोनवाले होते तिघेच: खुद्द रेडमन, बस्टर बेली आणि कोलमन हॉकिन्स. १९२४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग त्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला आला. त्याची लय ऐकून लिहिणाऱ्यांच्या वाक्यांना झोका आला. पुढे तिनाचे चार झाले आणि १९४० च्या आसपास पाच.

दुसरी परंपरा कॅन्सस सिटीची. तिथे बेसीच्या बँडमध्ये पुष्कळसं तोंडी चालायचं. एखादा सॅक्सोफोनवाला दोन ओळींची धून सुरू करायचा, शेजारचा तिला खालचा सूर लावायचा, तिसरा आणखी एक. तोवर ट्रम्पेटवाल्यांनी उत्तर शोधलेलं असायचं. ‘वन ओ’क्लॉक जंप’ अशीच घडली, तिचं रेकॉर्डिंग १९३७ चं. त्यात हर्शल एव्हान्सचा टेनर ऐका, भरलेला, टेक्सासच्या मातीचा. नंतर लेस्टर यंगचा, हलका, जमिनीला पाय न लावता चालणारा. दोघे सेक्शनच्या दोन टोकांना बसायचे. वाद्य एकच, माणसं दोन. सेक्शन एकजीव व्हायला माणसं सारखी असावी लागत नाहीत, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

ग्लेन मिलरच्या बँडचा तो मऊ, रेशमी आवाज कशाचा?

वर क्लॅरिनेट, बरोबर एक सप्तक खाली तीच धून टेनरवर आणि मधल्या जागेत बाकीचे सॅक्सोफोन. ‘मूनलाइट सेरेनेड’मध्ये हाच आवाज आहे. एका कल्पनेवर एवढी ओळख उभी राहिली याचं कौतुक आहे. मला स्वतःला तो आवाज थोड्या वेळाने सपाट वाटतो.

अल्टोशिवाय सेक्शन होऊ शकतो का?

होऊ शकतो आणि सुंदर होतो. १९४७ च्या डिसेंबरमध्ये वुडी हर्मनच्या बँडने जिमी जुफ्रीची ‘फोर ब्रदर्स’ ही रचना रेकॉर्ड केली. तीन टेनर आणि एक बॅरिटोन: स्टॅन गेट्झ, झूट सिम्स, हर्बी स्टुअर्ड आणि सर्ज शॅलॉफ. तिन्ही टेनरवाले लेस्टर यंगच्या वाटेवरचे, म्हणून आवाज आधीच सख्ख्या भावांसारखे. वरची झळाळी गेली आणि त्या जागी धुरकट, हलकी ऊब आली. शेवटाकडे चौघे एकेक छोटा तुकडा वाजवतात, तेव्हा कळतं की भाऊ असले तरी स्वभाव वेगळे आहेत.

या बँडमध्ये स्त्रिया वाजवत असत का?

हो. मिसिसिपीतल्या पायनी वूड्स शाळेतून १९३० च्या दशकाअखेरीस सुरू झालेला ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम’ हा संपूर्ण स्त्रियांचा बँड होता, बहुतेक कृष्णवर्णीय, सोबत इतर वंशांच्याही. त्यांच्या टेनरवर व्हाय बर्नसाइड होती. तिचा सोलो ऐकल्यावर हा प्रश्न परत कुणी विचारत नाही.

आपल्याकडे हे कधी आलं का?

आलं आणि मुंबईत चांगलं रुळलं. १९३५ साली लिऑन ॲबीचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्या काळात मुंबईत वाजवणाऱ्या मंडळींत रूडी जॅक्सन हा रीडवाला होता. १९२७ मध्ये तो एलिंग्टनकडे होता, म्हणजे पोरसवदा हॅरी कार्नी त्याच्याच रांगेत बसायचा. तिथे जॅक्सनच्या जागी नंतर बिगार्ड आला. ज्या सेक्शनबद्दल मी वर इतकं लिहिलं, त्यातला एक माणूस मुंबईत राहून वाजवत होता, ही गोष्ट मला कळली त्या दिवशी मी गेटवेपाशी बराच वेळ उभा राहिलो.

पुढे ताजमध्ये मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून वीसेक वर्षं होता. ते स्वतः सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवत. या बँडमधले कितीतरी वादक गोव्याचे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, त्यामुळे समोर ठेवलेला कागद बघताक्षणी वाजवणं त्यांना जमायचं, आणि सेक्शनमध्ये तेच लागतं. रात्री हॉटेलात आणि दिवसा फिल्म स्टुडिओत, असा त्यांचा दिवस असे. हिंदी गाण्यांच्या जुन्या वाद्यमेळात पाठीमागे जे भरलेले सूर हलतात, त्यांत त्यांचा श्वास आहे.

एलिंग्टन स्वतः १९६३ मध्ये बँड घेऊन भारतात आला, मुंबईतही वाजवून गेला. त्या दौऱ्यातून ‘फार ईस्ट स्वीट’ ही रचनांची मालिका तयार झाली. तिच्यात ‘आग्रा’ नावाची रचना आहे आणि ताजमहालासाठी एलिंग्टनने निवडलेला आवाज आहे कार्नीच्या बॅरिटोनचा. संगमरवरासाठी एखादा नाजूक, उंच आवाज निवडला असता तर कुणी नवल केलं नसतं. त्याने सगळ्यात जड वाद्य घेतलं.

रेकॉर्डिंगमध्ये मला फक्त वरचा सूर ऐकू येतो. मधले कसे ऐकायचे?

सगळ्यांचं आधी तसंच होतं. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बॅरिटोन उरतच नाही. हेडफोन लावा. ‘कॉटन टेल’मधली सोली घ्या आणि वरची धून पाठ होईपर्यंत तिच्याबरोबर गुणगुणा. मग गुणगुणणं थांबवा आणि फक्त कार्नी शोधा. तो सापडायला सोपा आहे, तळाशी आहे. दोन-तीन दिवस फक्त तोच ऐका.

त्यानंतर दुसऱ्या टेनरकडे या, म्हणजे माझ्या खुर्चीकडे. इथली ओळ एकटी ऐकली तर विचित्र असते: तीन वेळा एकच सूर, मग अर्ध्या सुराने खाली, परत वर, धुनेशी काही नातं नसल्यासारखी. घरी सराव करताना शेजाऱ्यांनी मला एकदा विचारलं होतं की हे नक्की कुठलं गाणं आहे. पण एकदा त्या ओळीवर कान ठेवून बाकी चौघांना ऐका. वरची धून तुम्हाला आधीच पाठ आहे, ती आता चारी बाजूंनी येते आणि तुम्ही तिच्या आत बसलेले असता.